पंधरावं प्रूफ

विजयनगर, सहावा मजला. एसी असा
की पदराखाली हात घेऊन बसले.
नेहल छाजेड मॅडम, माझ्या भाचीच्या वयाच्या,
लॅपटॉपवरून मान वर करून विचारतात,
"कोई ऐसा क्लायंट, जिसे संभालना मुश्किल रहा हो?"

रात्री ईशाननं घोकून घेतलंय माझ्याकडून.
आधी परिस्थिती, मग जबाबदारी, मग कृती,
शेवटी निकाल. निकाल आकड्यात सांग, मावशी.
आणि सारखं "आम्ही" नको, "मी" म्हण.
एकोणीस वर्षं खजुरी बाजारात
लग्नपत्रिकांच्या प्रेसच्या काउंटरला बसले,
तिथे हा "मी" कधी लागलाच नव्हता.

परिस्थिती.
खांबेटे. वीज मंडळातून रिटायर.
धाकट्या मुलीचं लग्न, तीनशे पत्रिका, केशरी कागद.
पहिलं प्रूफ नेलं.
दुसऱ्यात म्हणाले, "सौ. कुमुदिनीमधला दि ऱ्हस्व करा,
ती चिडेल."
केला.
तिसऱ्यासाठी पंधरा दिवस फिरकलेच नाहीत.
आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते.

तारीख तीच ठेवलीय, म्हणाले. तिनंच बजावलं होतं.
मी पेन्सिलीनं "सौ."वर काट मारली,
वर बारीक "कै." लिहिलं.
रीतच आहे ती. कितीदा केलंय.
त्यांनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ.
"फॉन्ट जरा किरटा वाटतो. दुसरा बघू या?"

चौथं. पाचवं. आठवं.
कधी स्वल्पविराम, कधी गणपतीची सोंड,
एकदा तर कार्यालयाचा पिन कोड, जो बरोबरच होता.
लौंगवाल्या शेवेची पुडी काउंटरवर ठेवायचे
आणि निघताना, "उद्या येतो. घाई नाही ना?"
घाई होती. लग्नाला तेवीस दिवस.

जबाबदारी:
मालक म्हणाले, त्या माणसाची सही घेऊन टाक.

कृती.
इथे काय सांगू, मॅडम?
मी प्रूफं काढत राहिले. चौदापर्यंत.
कागद रद्दीत दाखवला.
चौदाव्यावर त्यांनी बोट ठेवलं.
"या एवढ्याशा अक्षराला जागा किती लागते हो?"
म्हटलं, "सौ.एवढीच."
हसले. मग खिशातून स्वतःचं पेन काढून
सही केली.

त्या रात्री सगळे गेल्यावर
पत्रिकेच्याच केशरी कागदावर
मी एकच प्रत वेगळी काढली. जुन्या अक्षराची.
गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली, दोरी बांधली.
कुणाला बोलले नाही. त्यांनाही नाही.

लग्नानंतर त्यांचा फोन आला.
"बाई, तीनशेत एक कमी भरली."
म्हटलं, मोजणीत चुकलं असेल माझं,
एकीचे पैसे परत करते.
"नको," म्हणाले. "चूक राहू दे ती."

निकाल, आकड्यात: दोनशे नव्व्याण्णव.

पण मॅडमना मी पाटीदारांचं सांगितलं.
डिलिव्हरीला दोन दिवस उशीर, स्वतः घरी गेले,
दहा टक्के सूट दिली, धाकट्याच्या लग्नाची ऑर्डरही आमच्याकडेच.
मॅडमनी टाइप केलं. "बढ़िया."
पाटीदारांचंही खरंच आहे. नुसतं
लवकर संपतं.

आता प्रेस नाही. पत्रिका मोबाइलवर जाते,
प्रूफ कुणी वाचत नाही. ही नोकरी विम्याच्या क्लेमची,
माणूस समोर येत नाही, नुसता आवाज.
"आपको कुछ पूछना है?"
विचारलं, एका माणसाला किती वेळ द्यायचा?
"साडेछह मिनट. औसतन."
मी मान डोलावली.
आमच्याकडे तेवढ्यात शाई वाळत नसे.

लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता,
'कृप्या दरवाजे से दूर रहें'.
पर्समध्ये पेन्सिल होती.
तिसऱ्या मजल्यापर्यंत दुरुस्त केलं.